रंगाचं वजन

"अरे देवा! हिला काय अशी उघडीबोडकीच पाठवणार?"

बाबांनी मान मागे टाकली. शेडमध्ये अवकाशयानाची इंधनाची टाकी उभी होती, इमारतीएवढी उंच आणि नखशिखांत नारिंगी. अशा टाक्यांना पांढरा रंग देण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते निवृत्त झाले आणि रंगच बंद झाला. बंद करवणारी कुणी परकी नव्हती, त्यांची इंजिनिअर लेकच होती. ते सांगायलाच ती त्यांना घेऊन आली होती आणि सकाळपासून तिची जीभ रेटत नव्हती.

"उघडी कुठे, बाबा? हा फोम म्हणजे तिचा कोट. आत इंधन इतकं गार, की हा नसता तर अंगावर बर्फ चढला असता. फवारतात तेव्हा पिवळट असतो, मग उन्हाने असा रापतो."

"म्हणूनच रंग हवा ना, ऊन लागू नये म्हणून!"

"तपासून पाहिलं. नुसता रापतो, बिघडत नाही." ती त्यांच्याकडे वळली. "रंग मीच बंद करायला लावला, बाबा. वजन फार होत होतं."

खरं तर टाकीचं वजन कागदावरच्यापेक्षा नेहमीच जास्त भरायचं. का, ते शोधताना तिच्या नाकी नऊ आले होते. त्यातूनच तिची नजर रंगावर गेली होती.

बाबांनी पुन्हा मान वर करून टाकी न्याहाळली. ओरडले असते तर परवडलं असतं, असं तिला वाटलं.

"तू केलंस म्हणजे विचार करूनच केलं असशील," ते शेवटी म्हणाले. मग इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "एक गंमत सांगू? सांगितलेले असायचे रंगाचे दोन हात. मी गुपचूप तिसरा मारायचो. प्रत्येक टाकीला! म्हटलं, हिच्या भरवशावर माणसं वर जाणार, आपल्याकडून कसर नको."

"तरीच!" तिच्या तोंडून निसटलं.

"तरीच काय?"

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीची वाट पाहणाऱ्या पोरासारखे.

"तरीच तुमच्या टाक्या एवढ्या झळकायच्या, बाबा. पार आपल्या गच्चीवरून दिसायच्या."

"मग!" बाबा खुलले. "उगीच का?"