शेवटचा राक्षस

राक्षसाचा खेळ फक्त गोजराबाईंच्या व्हिडिओ गेमच्या मशीनवर चालायचा, म्हणून बोईसरच्या त्या कॉलनीतली पोरं दुपारभर त्यांच्याकडंच. "चपला बाहेर काढा रे मेल्यांनो!" म्हणत त्या मुरमुऱ्यांचा डबा पुढं करायच्या.

दिवाळीत तोच खेळ बाकीच्या कंपन्यांच्या मशीनवरही निघाला आणि घरोघरी पोचला. गोजराबाईंचे मुरमुरे डब्यातच सादळले. रात्रपाळी करून आलेला नवरा झोपला, की टीव्हीचा आवाज बंद करून त्या एकट्याच चोरून खेळत बसायच्या.

आठव्या दिवशी चार घरची पोरं दारात. "काकू, चला ना! शेवटचा राक्षस आमच्याकडं कोणाच्यानंच मरत नाय. तुमी मारता, आमी खिडकीतनं बघितलंय!"


"आधी कोणाकडं?" म्हणत गोजराबाई धावत सुटल्या, त्या एका पायात नवऱ्याची चप्पल घालून.