कुंभाराची सून

"शामलाताई, रजत आज आला नाही. त्याचं चाक रिकामंच आहे. तुम्ही बसा ना," सोनिका मॅडम म्हणाल्या.

शामला कोपऱ्यात माती मळत होती. नागपूरच्या सीताबर्डीतल्या मॅडमच्या स्टुडिओत दर रविवारी सकाळी ती सासऱ्यांसोबत सावनेरहून यायची. सासरे देवाजी शहरातल्या मुलामुलींना चाक शिकवायचे आणि शामला त्यांच्यासाठी माती करून द्यायची. खडे वेचायची, चाळायची, तुडवायची, गोळे वळायची. घरीही बावीस वर्षं तिनं हेच केलं होतं. तिनं पदराला हात पुसले आणि ती उठली.

"तिले नको," देवाजी म्हणाले. त्यांचे हात पायलच्या हातांवर होते. तिचा वाकडा होत चाललेला वाडगा ते सावरत होते. "आमच्यात बाई चाकाले शिवत नाही. चाक देवाचं हाय."

"खरंच?" पायलचे डोळे चमकले. "किती इंटरेस्टिंग! मॅडम, हे आपल्या नोट्समध्ये नव्हतं."

तिनं घाईघाईनं हात पुसून वही ओढली आणि लिहून घेतलं. आणखी दोघींनी लिहून घेतलं. थोड्या वेळापूर्वीच सोनिका मॅडमनी पडद्यावर उत्खननातल्या खापरांचे फोटो दाखवून मातीचा हजारो वर्षांचा इतिहास सांगितला होता. आता त्या अशा मान डोलवत होत्या, जणू आणखी एक खापर हाती लागलं.

शामला तिथंच उभी राहिली. तिची कानशिलं तापली. सासरे नाही म्हणणार हे तिला ठाऊक होतं. पण त्यांचं ते नाही या पोरींनी वहीत छान अक्षरात उतरवून घ्यावं?

"मामाजी, या बाया नाही काय?"

"काय?"

"या बारा जणी. यांचे हात धरधरून शिकवून राहिले तुम्ही. या बाया नाही काय?"

देवाजींनी हात काढून घेतले. पायलचा वाडगा एका अंगाला बसला. "या शौकानं करून राहिल्या. तू कुंभाराची सून होय. एवढा फरक समजत नाही तुले?"

"नाही समजत. तुमचा लेक खाणीत जाते. तुमच्यामागं घरचं चाक कोण फिरवन?"

"बंद पडन. पडू दे. पण बाईचा हात नाही लागन त्याले."

शामलानं आपणच मळलेला एक गोळा उचलला, रजतच्या चाकावर दाणकन आपटला आणि ती बसली.

"उठ वं!"

तिनं पायाखालचं बटण दाबलं. चाक गरगरलं. गोळा डगमगला, तिच्या बोटांना हिसका देऊन सुटला आणि फरशीवर जाऊन पडला. कोणीतरी हसलं. तिनं तो उचलून पुन्हा आपटला. पुन्हा सुटला. जी माती बावीस वर्षं तिच्या टाचांखाली मऊ होत आली, ती हाताला दादच देईना. तिला मातीचाही राग आला. त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा.

पायलनं हळूच फोन वर केला.

"ठेव तो फोन!" शामला अशी कडाडली की फोन चिखलात पडला.

देवाजींनी पिशवी खांद्याला लावली. "मी या जागी पुन्हा पाय नाही ठेवणार," ते सोनिका मॅडमना म्हणाले. दारात जाऊन त्यांनी चपला घातल्या. शामलाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनंही चाक थांबवलं नाही. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही तळव्यांनी गोळा दाबून धरला. तो थरथरला, एका बाजूला कलला, आता सुटणार...

"कोपर हालून राहिलं तुहं! मांडीले टेकव!"

देवाजी दारातूनच ओरडले होते, शिवी हासडावी तसे. आपण काय बोलून गेलो ते ओरडल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं. ते तिथंच थबकले, एक पाय उंबऱ्याबाहेर.

शामलानं कोपर मांडीला टेकवलं. तिचा श्वास अजून रागानं फुललेला होता. तिनं मान वर केली नाही.

"ओरडू नका, मामाजी," ती म्हणाली. "पुढचं सांगा."