पुठ्ठ्याचं कुलूप

मंगळवेढ्याहून आलेल्या सोजरबाई पुठ्ठ्याचं कुलूप करायला निघालेल्या सुनेची आठवडाभर फिरकी घेत होत्या, "कागदाला कोन लोखंड म्हनंल गं?" अंकिताही मग हट्टाला पेटली. तिनं पुठ्ठ्याच्या कुलपाला डिंक फासून चहापूड आणि दालचिनीची पूड थापली, वरून तांबूस रंगाचे हात दिले. उद्याच्या हस्तकला प्रदर्शनासाठी ते खिडकीत वाळत ठेवून ती त्याच्यासाठी चौकट आणायला सात रस्त्याच्या बाजारात गेली.

परत येऊन बघते, तर सासूबाई तेलाची वाटी घेऊन खिडकीपाशी उभ्या.

"लई गंजलंय की हे! हाताला लागंल म्हनून उचललं न्हाय, हाय तितंच किल्लीच्या भोकात तेल सोडलंय."

पदराला हात पुसत त्या मिश्कील हसल्या, "आता दाव बरं तुजं ते कागदाचं कुलूप."