हॉलची किल्ली

गाणं आधी कळलं ते सुभद्राच्या तळव्यांना.

श्रावणभर अनवाणी चालायचं तिचं व्रत होतं. लालबागच्या रस्त्यावर, गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुकीच्या कडेला, ओवाळायचं ताट घेऊन ती चाळीतल्या बायकांबरोबर उभी होती. बेंजो पार्टी जवळ आली, मोठा ढोल घुमला, आणि तापलेल्या रस्त्यातून ठोका तिच्या पायांत चढला. दोन डावीकडे, एक उजवीकडे, मग कंबर. डावा पाय आपोआप सरकला. ताटातलं निरांजन हललं.

कान जाऊन चार वर्षं झाली होती. भजनाला ती अजून जायची, टाळही धरायची, पण समोरच्या बायकांचे ओठ बघून. गाणं तिच्यापर्यंत पोचायचं ते एकाच ठिकाणी. चाळीच्या हॉलमध्ये, दुपारी चार ते पाच. मेघना झुंबा शिकवायची. लाकडी जमिनीवर स्पीकर ठेवून स्पॅनिश गाणी लावायची, आणि गुडघे धरत आलेल्या पंधरा बायका नाचायच्या. शब्द कुणालाच कळायचे नाहीत. तिथे सुभद्रा सगळ्यांच्या बरोबरीची होती.

सोमवारी हॉलला कुलूप लागलं. "श्रावणात असली परदेशी थेरं इथे नकोत," मंडळाचा कार्याध्यक्ष हितेंद्र म्हणाला. "भिंतीवर बाप्पाचा फोटो आहे, काकी. तुम्ही एवढं देवाचं करता, तुम्हाला तरी कळायला पाहिजे."

सुभद्रा मान खाली घालून घरी आली होती. त्या संध्याकाळी तिने जपाच्या दोन माळा जास्त ओढल्या.

आता तिने शेजारी उभ्या मेघनाचं मनगट धरलं.

"हे आपलं शेवटचं गाणं ना गं? घाम काढतेस ते?"

मेघना तिच्याकडे तोंड करून, एकेक शब्द ओठांवर मांडत म्हणाली, "तेच. कोलंबियाचं. बेंजोवर बसवलंय, म्हणून लोकांना कोळीगीत वाटतंय."

"आणि पुढे नाचतोय कोण?"

मेघनाने नुसती हनुवटी उडवली. गुलालाने माखलेला हितेंद्र दोन्ही हात वर करून नाचत होता. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, आणि त्यातली लाल दोऱ्याची, हॉलची, प्रत्येक ठोक्याला उडत होती.

सुभद्राने ताट मेघनाकडे दिलं आणि ती मिरवणुकीभोवतीच्या दोराखालून आत शिरली. दोर धरलेली पोरं काहीतरी ओरडली. तिला ऐकू आलं नाही, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं नाही.

ती हितेंद्रसमोर जाऊन उभी राहिली. पाया पडायला म्हणून तो वाकला, तेवढ्यात त्याला तिचा चेहरा दिसला. घाईघाईने त्याने बेंजोवाल्या लवूला खूण केली. तळव्यांखालचा रस्ता मुका झाला.

"बंद करायला कोणी सांगितलं?"

आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, म्हणून कान गेल्यापासून ती पुटपुटल्यासारखं बोलायची. आज तिने आवाज सोडून दिला. "लवू, वाजव!"

लवूने हितेंद्रकडे बघितलं, काकीकडे बघितलं, आणि वाजवायला घेतलं.

सुभद्राने हात पुढे केला. "किल्ली."

"काकी, आत्ता?" हितेंद्रच्या ओठांवरून तिने वाचलं. "मागे बाप्पा उभाय."

"त्याच्यासमोरच मागतेय."

"घरी जावा. नंतर बोलू."

"सोमवारी घरीच गेले होते."

हितेंद्रने जुडगा मुठीत दाबला. मागे बाप्पाची ट्रॉली थांबली, ट्रॉलीमागची गर्दी थांबली. ढोल तेवढा रस्त्यातून वर येत राहिला. सुभद्राने हात तसाच उघडा ठेवला आणि काळ्या पडलेल्या अनवाणी पायांनी ठोका धरला. दोन डावीकडे. एक उजवीकडे. मग एक पाऊल सरळ त्याच्या अंगावर.

हितेंद्र मागे सरला.