धीट माणसाचा मेंदू

“आधी माझ्याच डोक्यावर चढवा ती टोपी,” काचवाले म्हणाले. “धीट माणसाचा मेंदू कसा असतो, ते कळू दे आमच्या मौनीबाईला.”

मौनीबाई म्हणजे त्यांची मुलगी. ती भिंतीला टेकून उभी होती. प्रयोगशाळेला चारचौघांत बुजणारी माणसं हवी होती, तशीच न बुजणारीही. तिने नाव दिलं, तर बाप आपण होऊन सोबत आला.

आत येतानाच त्यांनी एक भांडण उरकलं होतं. दाराजवळ टेबलाशी बसलेल्या बाईने घड्याळाकडे नुसतं पाहिलं, तर “मला वेळ शिकवतेस?” म्हणून तिला झाडलं. त्यांचा खाक्याच तो. दुकानात दोन गिऱ्हाइकं कुजबुजली, तरी ते काच कापायचं सोडून त्यांना दार दाखवत. गल्लीत त्यांचा दरारा होता आणि तो मिरवायला त्यांना आवडे.

आता दुसरं दुकान उघडायचं होतं. ते मुलीला चालवायचं होतं. काच कापण्यात बापाइतकीच सफाई तिच्या हातात होती.

“हात चांगलाय गं तुझा, पण गल्ल्यावर बसायला छाती लागते,” ते म्हणाले. “आज यंत्र काय म्हणतं बघू. घाबरट निघालीस, तर दुकान तुझ्या चुलतभावाचं.”



संशोधक बाईंनी केसांत थंडगार जेल भरून मेंदूतल्या लहरी टिपणारी तारांची टोपी बसवली. आधी बापाला, मग मुलीला. पडद्यावर एकेक शब्द येई. ‘तुम्ही बोललात. लोकांना ते...’ आणि शेवटी ‘आवडलं’, नाहीतर ‘खटकलं’.

काम संपलं, तसे काचवाले अडून बसले. “दाखवा निकाल.”

“निकाल नसतो हो, काका. एवढ्यावरून माणूस ठरत नाही. आणि कुणाची नोंद कुठली, ते आम्ही सांगत नाही.”

“नका सांगू नाव! रेघा तर दाखवा.”

बाईंनी नाइलाजाने दोघांचे आलेख नावांशिवाय लावले. “जो मनातून वाईटच धरून चालतो, त्याचा मेंदू ‘आवडलं’ वाचून दचकतो.”

एक रेघ शांत होती. दुसरी प्रत्येक चांगल्या शब्दाला उसळत होती.

“घ्या! ही कुणाची, हे सांगायला यंत्र कशाला पाहिजे?” काचवाले हसले.

बाईंनी पडदा बंद करायला हात पुढे केला.

“माझी,” मुलगी म्हणाली. मान वर करून. “माझीच आहे ती, बाबा. आणि दुकानही मीच चालवणार. भीत भीत चालवीन, पण चालवीन. चुलतभाऊ-बिऊ काही नाही.”

काचवाले बघतच राहिले. मग त्यांची छाती फुगली.

“ऐकलंत? बापाच्या तोंडावर बोलली! रक्त कुणाचं आहे? जा, किल्ल्या तुझ्या!”

आणि डोक्यावरचं जेल धुवायला ते ऐटीत शेजारच्या खोलीत गेले.

संशोधक बाई तिच्याजवळ आल्या. “अहो, सांगायला नको, पण ती नोंद तुमची नव्हती.”

“ते मला लहानपणापासून माहितीये,” मुलगी म्हणाली. “जरा हळू बोला. त्यांना वाटेल, आपण त्यांनाच हसतोय.”