जोडीनं सराव

हिमालयाने एकदा बोलावलं की माणसाला घरी थांबता येत नाही, असं परसराम मेश्राम यांचं ठाम मत होतं. त्यांना ते बोलावणं लाखनीत आलं, रिटायर होऊन आठवडा झाल्यावर, दाढी करताना, मोबाइलवर, एका ट्रेकिंग ग्रुपच्या मेसेजमधून.

"चौदा हजार फूट," गालावरचा साबण पुसत ते म्हणाले. "मे महिन्यात."

"तुमी?" तुळसाबाईंनी विचारलं. नोकरीभर ते खुर्चीवर बसले होते, आणि बसण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

"ग्रुपचा नियम हाये. सराव जोडीनं करायचा. तू चाल."

"मी कायले?"

बिनकामाचं चालणं तुळसाबाईंना मान्य नव्हतं. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज फिरायला सांगितलं, तेव्हा "जनम धानाच्या बांधीत गेला, आता रिकामी हिंडू?" म्हणत त्यांनी चिठ्ठी फडताळात टाकली होती. पण नवरा जिवंत ठेवणं हे काम होतं. त्या निघाल्या.

हिवाळाभर दोघं तलावाच्या पाळीवरून चालले. परसरामांच्या पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदूळ. "काकाजी, राशन कुठी नेऊन राहिले?" लोक विचारत. थंडीची सवय व्हावी म्हणून ते एकदा बर्फाच्या कारखान्यात बसून आले, आणि नंतर तुळसाबाईंच्या काढ्यावर राहिले.

रविवारी आंबागड. अर्ध्या चढणीवर परसराम दगड पाहून बसत.

"तू हो पुढं. वर रस्ता कसा हाये, पाहून ये."

तुळसाबाई वर जात, पाहत, खाली येत. "जिथी होता तिथीच हाये. उठा आता."

उन्हं तापायला लागली तोवर सॅकही तुळसाबाईंच्याच पाठीवर आली होती. परसराम अजून त्याच दगडापर्यंत पोचत होते.

"तिथी हवाच नसते म्हणतेत," एकदा त्या म्हणाल्या. "तुमचं कसं होईल?"

"होईल."

"आन् बसले मंग? पुढं कोन जाईल रस्ता पाहाले?"

परसरामांनी खाली वाकून तुळसाबाईंच्या बुटाची सुटलेली नाडी बांधून दिली. लाकडं घेऊन उतरणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या आठवड्यात तुळसाबाई कोणाला न सांगता दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. साखर उतरली होती, छाती ठणठणीत होती.

"काकूजी, आजकाल करता काय?"

"ह्यायले डोंगर चढवतो," तुळसाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी नागपूरला मुलीला, तृप्तीला, फोन लावला. "तुह्या बाबाच्या ग्रुपमधी माहं नाव टाक. त्यायले सांगू नको, नाही म्हणतीन."

"आई, तू? हिमालयात?"

"मंग एकटे सोडू काय? अर्ध्यात बसतेत ते."

दुसऱ्या दिवशी तृप्तीचा फोन आला. नाव पक्कं झालं होतं. एकदा टाकलेलं नाव परत काढता येत नव्हतं.

"बाबा कुठी हायेत?" तिनं विचारलं.

"अंगणात. पेपर वाचून राहिले. काहून?"

"बाबानं त्या ग्रुपले कधी फोनच नाही केला, आई. भंडारा जिल्ह्यातून एकच नाव हाये. तुझं."