हिसका

रात्री जेवताना टणकन चमचा पडला. मानेला पट्टा, भावाला वाकता येईना. तिनेच उचलून दिला.

दुपारी गिऱ्हाइकाला पोटाशी बांधून त्याने विमानातून उडी मारली आणि पॅराशूट अलगद फुलायच्या ऐवजी हिसका देऊन उघडलं. गिऱ्हाईक सुखरूप, मान मात्र याची लचकली. उघडण्याचा वेग आवरणारं कापड दोऱ्यांवरून पार वर सरकवायचं, तेच ती घडी घालताना घाईत विसरली होती.

“वाराच तसला होता, ताई. तुझी घडी कधी चुकते होय?”

सांगून टाकावं म्हणून ती त्याच्याकडे वळली, तोच लेक गळ्यात पडली.

“आई, आज शाळेच्या फाटकाशी सगळ्यांच्या आधी तूच होतीस! आता रोज अशीच येशील ना?”